दोघांच्या राज्याला नावे ठेवण्यापूर्वी

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की मराठी लेखणीला एक शब्द हमखास सुचतो : मक्तेदारी. 'दोन क्लबांच्या मक्तेदारीने आपल्याकडचा फुटबॉल मारला' हे वाक्य गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या वेळा आमच्या वाचनात आले आहे, की लिहिणाऱ्यांपैकी कोणी ते एकदा तपासून पाहिले असेल असे वाटत नाही. कोणते दोन क्लब, असे विचारले तर बहुतेक जण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही नावे घेतात. थोडे अधिक माहितगार असतील ते धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स म्हणतात. फुटबॉल मेला म्हणजे नेमके काय झाले, आणि मरण्यापूर्वी तो कसा होता, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही. या वाक्याशी आमचे भांडण आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. खेळाडू म्हणून आमची गुणवत्ता नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चपलांचे गोल मांडून खेळण्यापलीकडे कधी गेली नाही. पण शब्द चुकीच्या माणसाच्या गळ्यात बांधला जात असेल, तर ते आमच्या विषयाच्या हद्दीत येते.

आधी हिशेब मांडू. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली आणि २००६-०७ पर्यंत चालली. या अकरा हंगामांत मोहन बागान तीनदा आणि ईस्ट बंगाल तीनदा विजेते ठरले, धेंपो दोनदा. जेसीटी, साळगावकर आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड यांच्या वाट्याला एकेक विजेतेपद आले. १९९९-२००० ते २००३-०४ ही सलग पाच वर्षे चषक कोलकात्याबाहेर गेला नाही. २००७-०८ पासून तीच स्पर्धा आय-लीग या नावाने भरू लागली, आणि तिचे पहिले सहाही हंगाम गोव्याने जिंकले : धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. म्हणजे २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ वर्षांत धेंपो पाच वेळा, चर्चिल दोन वेळा, आणि उरलेल्या दोन वर्षांत एकदा महिंद्र, एकदा साळगावकर.

आता दुसरी नऊ वर्षे पाहा. तीही २००४-०५ ते २०१२-१३ अशीच आहेत, फक्त देश स्पेन आहे. त्या नऊ हंगामांत बार्सिलोना सहा वेळा आणि रेआल माद्रिद तीन वेळा विजेते ठरले. तिसऱ्या कोणालाही एकदासुद्धा जागा मिळाली नाही. धेंपो आणि चर्चिल यांच्या राज्यात निदान दोन वर्षे दुसऱ्यांना मोकळी सुटली होती. स्पेनमध्ये दार पूर्ण बंद. आणि याच काळात मराठी वृत्तपत्रांची क्रीडापाने, पुरवण्या, आणि आम्हा प्राध्यापकांच्या स्टाफरूममधले उत्साही तज्ज्ञ या दोन स्पॅनिश क्लबांच्या झुंजीला काय म्हणत होते? 'एल क्लासिको'. महायुद्ध. फुटबॉलचा परमोत्कर्ष. पहाटेपर्यंत जागून पाहण्याचा सोहळा. तिकडे दोघांनीच सारे लाटले तर ते अभिजात, इकडे लाटले तर मक्तेदारी. आमच्या वर्गातल्या मुलांच्या अंगात त्या दोन क्लबांचे सदरे असतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मुलांना जे दाखवले जाते ते त्यांना आवडते. तक्रार दाखवणाऱ्यांबद्दल आहे. त्याच वर्षांत बोईसरहून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर, फातोर्ड्याच्या मैदानात, दोन क्लब एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि मुंबईच्या मराठी पानांवर त्याची जागा चार ओळींची होती. त्या चार ओळींतही क्लबाचे नाव 'डेम्पो' असे छापून येई. गोव्यातली मराठी वृत्तपत्रे ते 'धेंपो' असे लिहितात, कारण ते एका घराण्याचे नाव आहे आणि त्या घराण्याच्या मालकीचे 'नवप्रभा' हे मराठी दैनिकच आहे. मराठी दैनिक चालवणाऱ्या घराण्याचे नाव मराठी मुंबईने इंग्रजी स्पेलिंगवरून वाचावे, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देता येईल; आम्हाला ती तेवढी किरकोळ वाटत नाही.

शब्दाकडेच परत येऊ. मक्ता म्हणजे ठेका. सरकारने किंवा सत्ताधाऱ्याने ठराविक रकमेच्या बदल्यात, ठराविक मुदतीसाठी, एखाद्या वसुलीचा किंवा विक्रीचा एकट्याला दिलेला हक्क. ताडीचा मक्ता असे, जकातीचा असे, बाजाराचा असे. मक्तेदार स्पर्धा जिंकून मक्तेदार होत नाही. पैसे भरून, लेखी करार करून होतो, आणि मुदत संपेपर्यंत त्याला कोणी हलवू शकत नाही. या अर्थाने धेंपोकडे कसला मक्ता होता? पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवणारा हा क्लब २०१४-१५ च्या हंगामात तळाला गेला आणि नियमाप्रमाणे खालच्या श्रेणीत ढकलला गेला. कोणी त्याच्यासाठी नियम वाकवला नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत खेळला, ती जिंकली आणि स्वतःच्या पायांनी वर चढून आला. चर्चिल ब्रदर्सने २०१२-१३ मध्ये विजेतेपद मिळवले आणि २०१४ मध्ये परवान्याचे निकष पुरे न केल्याबद्दल त्याला लीगबाहेर काढण्यात आले. ज्याला हरता येते, ज्याला बाहेर काढता येते, त्याला मक्तेदार म्हणणे ही भाषेची हेळसांड आहे. सामर्थ्य म्हणा, दबदबा म्हणा, वर्चस्व म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

खरा मक्ता भारतीय फुटबॉलमध्ये झाला, तो डिसेंबर २०१० मध्ये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला : सातशे कोटी रुपये, आणि त्या बदल्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, हक्कदार एक. कोशात मक्त्याची व्याख्या द्यायची तर उदाहरण म्हणून हा करार छापावा. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली, आणि तिच्यात वर्षानुवर्षे ना कोणाला खालून वर येण्याची वाट होती, ना वरून खाली जाण्याची भीती. संघ विकत घेतला की जागा पक्की. गंमत अशी की, या लीगचे स्वागत करताना आमच्या बहुतेक लेखकांनी वापरलेले वाक्य होते : 'अखेर मक्तेदारी मोडली.'

हे सारे लिहिताना आम्ही गोव्याच्या क्लबांना संत ठरवत आहोत असा कोणी आरोप करील. तेव्हा त्या वैभवाखाली काय होते तेही सांगू. धेंपो आणि साळगावकर ही खाणमालकांची घराणी. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणमालकच, आणि त्यांच्या नावाचा सुवर्णचषक गोव्याच्या फुटबॉलमध्ये मोठा मानला जाई. चर्चिल ब्रदर्स हा सासष्टीतल्या आलेमाव कुटुंबाचा क्लब. त्यातले चर्चिल आलेमाव १९९० मध्ये काही दिवस गोव्याचे मुख्यमंत्री होते. एका बाजूला खनिज, दुसऱ्या बाजूला राजकारण. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनला लोहखनिज हवे होते, गोव्यातून बार्जेस भरभरून मुरगावकडे जात होत्या, आणि गोव्याच्या फुटबॉलचा सुवर्णकाळही नेमका तोच. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१२-१३ नंतर राष्ट्रीय लीगचे विजेतेपद गोव्याच्या त्या जुन्या क्लबांकडे आले नाही. यातून सरळ कार्यकारण काढणे धोक्याचे आहे, कारण धेंपोंनी आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता आणि त्यानंतरही दोन विजेतेपदे मिळवली. पण क्लब ज्या मातीवर उभे होते ती माती लाल होती आणि तिच्या ओरखड्यांनी डिचोली-सांगे भागात शेते आणि झरे बुजले, हे विसरून फुटबॉलचे गोडवे गाणे आम्हाला जमणार नाही. (२०१३-१४ मध्ये गोव्याची मालिका तोडणारा बेंगळुरू एफसी हा जेएसडब्ल्यू या पोलाद कंपनीचा क्लब. लोखंड तेच, खाणीकडून भट्टीकडे गेले एवढेच.)

तरीही एक फरक उरतो. पैसा खाणीचा असो की सत्तेचा, तो ज्या क्लबात गेला तो क्लब एका गावाचा, एका तालुक्याचा होता. आर्मांदो कुलासो या प्रशिक्षकाने धेंपोला पाचही विजेतेपदे मिळवून दिली, आणि तो माणूस गोव्याचाच. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक ही त्या संघाची नावे वाचा. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एकाच हंगामात बत्तीस गोल केले. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेला होता. चर्चिलकडे ओडाफा ओकोली होता, आणि दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी सुनील छेत्री. छेत्री मोहन बागान, ईस्ट बंगाल, धेंपो आणि चर्चिल या चारही क्लबांकडून खेळलेला आहे. म्हणजे ज्या 'मक्तेदारी'ने फुटबॉल मारला म्हणतात, तिच्याच चार घरांतून देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू पुढे आला.

इथे एक हरकत आम्हाला आमच्याच क्षेत्रातल्या मित्रांकडून ऐकू येते. गोव्याचा फुटबॉल हा कोंकणी आणि कॅथलिक लोकांचा खेळ, त्याचे मराठीला काय? या हरकतीतला दुटप्पीपणा आम्हाला विशेष बोचतो. १९६७ च्या जनमत कौलाआधी गोव्याची देवळे आपली होती, नाटके आपली होती, कवी आपले होते, खाणीसुद्धा आपल्या होत्या. विलीनीकरणाच्या सभांत गोव्याच्या मराठीपणाचे दाखले रात्र रात्र दिले गेले. त्या यादीत फुटबॉल नव्हता. ज्या गोष्टीसाठी सासष्टीतला माणूस संध्याकाळी मैदानावर धावत जातो ती गोष्ट पाहायचीच नाही आणि वर 'गोवा आमचा' म्हणायचे, या वृत्तीला तिथल्या मतदाराने काय उत्तर दिले ते सर्वांना ठाऊक आहे. गवळी आणि नाईक ही आडनावे मराठी वाचकाला परकी नाहीत. त्यांच्याच बरोबरीने मिरांडा आणि लॉरेन्स खेळले आणि एकाच सदऱ्यात खेळले. गोव्याच्या समाजजीवनावर लेख लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकाला हा संघ दिसत नसेल, तर त्याला गोवा कितपत दिसतो?

वर्चस्वाचा जो खरा दोष आहे त्याच्याबद्दल मात्र आमचे लेखक गप्प असतात, कारण तो पाहायला कोलकात्याकडे बघावे लागते. ९ डिसेंबर २०१२ रोजी ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मोहन बागानने उत्तरार्धात मैदानात उतरण्यास नकार दिला. महासंघाने क्लबाला दोन वर्षांची बंदी घातली. काही आठवड्यांतच ती बंदी उठली, दोन कोटी रुपये दंड आणि तोवरचे गुण शून्य एवढ्यावर मामला मिटला. मोहन बागानशिवाय लीग चालणार कशी, हा त्यामागचा विचार. आम्ही त्याला अन्याय म्हणतो, आणि त्याची तुलना वर सांगितलेल्या चर्चिलच्या हकालपट्टीशी करून पाहावी असे सुचवतो. दोघांच्या सततच्या जिंकण्याने खेळ बिघडत नाही. दोघांना शिक्षा करणे अशक्य होऊन बसले की तो बिघडतो. स्पेनमध्येही गोष्ट हीच होती. तिथे २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले दूरचित्रवाणीचे हक्क स्वतंत्रपणे विकत असे, त्यामुळे बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या तिजोरीत जे जाई त्याच्या तुलनेत इतरांना शेवया मोजून मिळत. २०१५ मध्ये कायदा करून हक्कांची एकत्र विक्री सक्तीची झाली. म्हणजे स्पेनच्या सरकारला जे दुखणे दिसले ते आमच्या क्रीडापानांना अभिजात वाटत होते.

२०१३-१४ मध्ये स्पेनची ही मालिका अ‍ॅटलेटिको माद्रिदने तोडली. त्याच वर्षी आपल्याकडे बेंगळुरूने गोव्याची मालिका तोडली. योगायोग इथेच संपत नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये कोलकात्याचा जो संघ उतरला, त्याच्या मालकीत अ‍ॅटलेटिको माद्रिदचा वाटा होता, आणि तो पहिल्याच वर्षी विजेता ठरला. दोघांचे राज्य मोडणारा क्लब आयात करूनच मोडतोडीचा मुहूर्त साधला, असे म्हणता येईल. आणि गोव्यात? एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो ही दोन्ही नावे एकत्र होती, तिसरे वेणुगोपाल धूत. मैदानात ज्यांच्या संघांनी एकमेकांशी झुंजायचे ते दोघे एका सोफ्यावर बसले. स्पर्धा वाढवण्याची ही पद्धत आम्हाला तरी नवी होती.

पुढचे सांगायला जड जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात महासंघाने भावी रचनेचा आराखडा मांडला, त्यात सुपर लीग वर आणि आय-लीग खाली होती. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. जिंकून वर आलेल्या धेंपोनेही. मैदानावर कमावलेली जागा कागदावर जाणार असेल, तर खेळायचे कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला कोणी धड उत्तर दिले नाही. त्या रिकाम्या जागेमुळे खालच्या श्रेणीत गेलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी परत घेतला गेला, आणि २०१६-१७ मध्ये तो चक्क विजेता झाला. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. 'दोन क्लब इतरांना वर येऊ देत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी हा एक गुण जपून ठेवावा. खुल्या लीगमध्ये, बलाढ्यांच्या नाकावर टिच्चून, डोंगरातला क्लब देशाचा विजेता झाला. आणि त्याचे बक्षीस काय मिळाले? वरच्या लीगमध्ये जागा मिळाली नाही. मिनर्व्हा पंजाब २०१७-१८ मध्ये जिंकला, चेन्नई सिटी २०१८-१९ मध्ये; त्यांनाही नाही. गोकुळम केरळ सलग दोनदा जिंकला, त्यालाही नाही. मात्र २०२० मध्ये मोहन बागान कोलकात्याच्या सुपर लीग संघात विलीन होऊन आत गेला आणि ईस्ट बंगाल गुंतवणूकदार शोधून आत गेला. ज्यांच्या 'मक्तेदारी'चा बागुलबुवा दाखवून नवी लीग उभी केली, त्यांनाच शेवटी खुर्ची मांडून बोलावले. खालून वर चढण्याची वाट उघडली ती २०२२-२३ च्या हंगामानंतर. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी सुपर लीगची ढाल मोहन बागाननेच जिंकली, आणि दुसऱ्या वर्षी चषकही.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण खरा मुद्दा इथे आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत महाराष्ट्राने किती क्लब गमावले? महिंद्र युनायटेड : डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, १९६० च्या दशकापासून चालत आलेला कंपनीचा संघ, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी : २०१२-१३ मध्ये चर्चिलच्या खालोखाल दुसरा, दोन-तीन वर्षांत गायब. मुंबई एफसी : २०१६-१७ मध्ये तळाला गेला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स : दोन हंगाम. एफसी पुणे सिटी : सुपर लीगमधला संघ, २०१९ मध्ये मोडीत. एकाच राज्याचे पाच क्लब गेले, आणि कोणाच्या दारात सुतकाची चूल थंड राहिली नाही. महिंद्र बंद झाला तेव्हा मुंबईत मोर्चा निघाला नाही. पुण्यात कोणी काळी फीत लावली नाही. का? आमचे उत्तर असे, की या क्लबांना वैरी नव्हता. महिंद्र हरावा म्हणून देवाला नवस करणारा माणूस मुंबईत नव्हता, म्हणून महिंद्र जिंकावा म्हणून नवस करणाराही नव्हता. कंपनीच्या ताळेबंदात ती एक खर्चाची ओळ होती. एका वर्षी ती ओळ काढली. चर्चिलला मात्र २०१४ मध्ये बाहेर काढूनही मारता आले नाही. तो परत आला. धेंपो खाली गेला, माघारी गेला, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. एकमेकांवाचून यांतला एकही इतका जगला असता असे आम्हाला वाटत नाही.

महाराष्ट्रात हे ज्याला कळले ते एकच गाव, कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी तालमींची आणि मंडळांची नावे घेऊन संघ उतरतात, शाहू स्टेडियमवर पेठा एकमेकींना पाण्यात पाहतात, आणि भांडणे होतात म्हणून अधूनमधून पोलिसांनाही मैदानात यावे लागते. ती भांडणे आम्हाला भूषणावह वाटत नाहीत. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात खेळलेला अनिकेत जाधव याच गावाचा होता, पुण्या-मुंबईच्या चकचकीत संघांच्या अंगणातला नव्हे. इतके असूनही कोल्हापूरचा एकही संघ राष्ट्रीय लीगमध्ये का नाही, याची चर्चा मराठीत कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही. सुपर लीगचा संघ विकत घ्यायला जी रक्कम लागते ती तालमीकडे कुठून येणार? खालून एकेक पायरी चढत जाण्याची वाट इतकी वर्षे बंद ठेवली, तिची किंमत तालमीने मोजली. कोलकात्याच्या दोघांनी नाही.

साहित्याचे अध्यापक म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. बंगालीत मोती नंदी यांनी 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या कादंबऱ्या लिहिल्या, त्या १९७० च्या दशकात. त्या वाचणाऱ्या पिढीला मैदानावरच्या माणसाची भूक, त्याचे वय, त्याच्या गुडघ्याचे दुखणे ठाऊक झाले. घोटी आणि बांगाल, कोळंबी आणि हिल्सा, फाळणीत सुटलेले घर आणि न सुटलेला हट्ट, हे सारे त्या एका सामन्याभोवती भाषेत साठत गेले. मराठीत फुटबॉलची कादंबरी शोधायला गेलो तर हात रिकामे येतात. नागराज मंजुळे यांना नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवर चित्रपट करायचा झाला, तो 'झुंड', २०२२ साली हिंदीत आला. याचा दोष आम्ही मंजुळे यांना देत नाही. जिथे कोणाचे कोणाशी मैदानातले वैर नाही, तिथे लेखकाला गोष्ट कुठून मिळणार? ग्रामीण साहित्यात कुस्तीचा फड आहे, कारण गावाला दुसऱ्या गावाचा मल्ल चीत करायचा होता.

आणि आमचा हा किनारा? तारापूरची औद्योगिक वसाहत आमच्या पाठीशी आहे, अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. मुंबईत एके काळी महिंद्र, एअर इंडिया यांच्यासारख्या आस्थापनांचे संघ असत आणि चेंडू बरा खेळणाऱ्या मुलाला त्या पायांच्या जोरावर नोकरी मिळे. आमच्या मागच्या धुराड्यांपैकी एकाच्याही नावाचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. मांगेल्यांची, भंडाऱ्यांची, वारल्यांची मुले वाळूत खेळतात. त्यांतले दोन-तीन दरवर्षी असे निघतात की पाहणारा थांबतो. बारावी झाली की ते ठेकेदाराकडे लागतात. कुलाब्याच्या कूपरेज मैदानापर्यंत शंभरावर किलोमीटर जाऊन रोज सराव करायचा, तर तिकिटाचे पैसे कोण देणार आणि पाळी कोण सांभाळणार? पालघरचा एक संघ आणि डहाणूचा एक संघ, दोघांत हाडवैर, आणि वर जाण्याची एक नियमाने उघडी असलेली वाट : एवढे जरी असते, तरी त्या दोघांनी पंचवीस वर्षे आळीपाळीने जिल्हा जिंकला असता तरी आम्ही त्यांना मक्तेदार म्हटले नसते.

आयएमजी-रिलायन्सचा तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. मुदत संपत आली तसा पुढचा ठेका कोणाला, हे ठरेना, आणि हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही; ठेक्यावर उभ्या केलेल्या लीगचे दुसरे काय होणार होते? त्याआधी, २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स बऱ्याच वर्षांनी पुन्हा एका लीगमध्ये खेळले. एका सामन्याच्या गुणांवरून वाद झाला, एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्या अपील समितीने निकाल देऊन चर्चिलला विजेता ठरवले, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने ते विजेतेपद काढून इंटर काशीला दिले. मुंबईच्या मराठी पानांत ही बातमी आम्ही शोधली. ज्या एका ठिकाणी सापडली तिथे धेंपोचा उल्लेख नव्हता, आणि शेजारच्या तीन स्तंभांत बार्सिलोनाचा नवा सदरा रंगीत छापला होता.